गॅलरीत केस वाळवणारी

रविवारी लाँड्री बंद असली तरी भिंती गरम असायच्या. आठवडाभराची वाफ त्यांच्यात मुरलेली असायची, आणि दुपारी उंच खिडक्यांतून ऊन आत आलं की ती हळूहळू परत बाहेर यायची. निदान आजींना तसं वाटायचं. घडीच्या लांब टेबलाच्या टोकाशी, आप्पांच्या खुर्चीत त्या बसल्या होत्या, आणि समोर बसलेली आपलीच माणसं त्यांना पाण्याखालून पाहावीत तशी किंचित हलताना दिसत होती.

एरवी या टेबलावर गेस्टहाउसांच्या चादरींचे ढीग असत. आज चहाचे कप होते, बिस्किटांचा डबा होता आणि धाकट्या लेकीच्या फायली होत्या. धाकटी वकील होती, पण घरात तिला अजूनही ठमीच म्हणत. आप्पा गेल्यावर लाँड्री विकायची की ठेवायची यावरून तिचं आणि थोरल्याचं जे बिनसलं, त्यानंतर ती या टेबलाशी आज पहिल्यांदा बसत होती. आणि बसली होती तीही थोरल्याच्या शेजारी. त्याने तिच्या कपात न विचारता दोन चमचे साखर घातली. तिनेही ढवळून घेतली.

बरं वाटलं आजींना. मग बरं वाटलं याचंच वाईट वाटलं, कारण ही भावंडं एका बाजूला यायला एका माणसाला मरावं लागलं होतं.

"उद्या सकाळी वहिनीला उभं करतील आणि विचारतील, गुन्हा कबूल आहे का," ठमी म्हणाली. "गुन्हे दोन आहेत. ते वेगवेगळे आहेत, एवढं सगळ्यांनी नीट समजून घ्या. एक, लायसन्स नसताना गाडी चालवली. ते आपण कबूल करायचं. त्यात वादच नाही, दंड भरून मोकळं होऊ. दुसरा गुन्हा, बेकायदा गाडी चालवत असताना कुणाच्या तरी मृत्यूला कारण झाली. त्यात तुरुंग आहे."

"पण चूक तिची नव्हती," थोरला म्हणाला.

"तेच सांगतेय, दादा. वरच्या कोर्टाने स्पष्ट म्हटलंय, नुसतं लायसन्स नाही म्हणून मृत्यूचं खापर फोडता येत नाही. गाडी चालवण्यातही काहीतरी खोट दाखवावी लागते. तिळाएवढी का होईना. आणि इथे तेवढीही नाही. चष्म्याच्या दुकानदाराने लिहून दिलंय, गाडी हळू होती, बाई समोर बघत होती, पेंटरच मागे आला."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे दारामागून येणारं वारं लागायचं, तिथे ती बसली होती जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं. तिला घरात पायलट म्हणत. नाव आप्पांनी ठेवलेलं. ती कप दोन्ही हातांत धरून होती आणि पीत नव्हती.

*

थोरल्याशी लग्न होऊन आली तेव्हा तिला सायकलही नीट येत नव्हती. आप्पांनीच तिला मागच्या अंगणात व्हॅन शिकवली, वाळत घातलेल्या चादरींच्या रांगांमधून. "ओल्या चादरीला गाडी लागली तर परत तूच धुवायचीस," एवढाच नियम. पहिल्या महिन्यात तिने बऱ्याच धुतल्या. मग एके दिवशी ती सगळ्या रांगांमधून उलटी व्हॅन काढत फाटकापर्यंत गेली आणि एकही चादर हलली नाही. आप्पांनी गिऱ्हाइकांसमोर तिला सलाम ठोकला. तेव्हापासून पायलट.

परीक्षेला ती दोनदा बसली होती. पहिल्यांदा शेजारी वही घेऊन बसलेल्या साहेबाला पाहून ती गिअरच विसरली, चढावर गाडी तीनदा बंद पडली आणि ती रडली. दुसऱ्यांदा तिला दिवस गेले होते. साहेबाने खिशाला भरपूर अत्तर लावलं होतं, पहिल्याच वळणावर तिला उलटी झाली. मग चिंगी झाली, मग आप्पांचं आजारपण, मग मोठ्या दवाखान्याचं काम मिळालं आणि पहाटेपासून फेऱ्या सुरू झाल्या. लायसन्स राहूनच गेलं. घरात ती थट्टा झाली. "आमच्या पायलटला कागद लागत नाही," असं थोरला पाहुण्यांना सांगायचा, आणि पाहुणे हसायचे.

आप्पांना शेवटचं दवाखान्यात तिनेच नेलं. चिंगीला शाळेत तिनेच सोडलं. ठमीला वकिलीच्या प्रवेशपरीक्षेला, भर पावसात, रस्ते तुंबलेले असताना, वेळेवर पोचवलं तेही तिनेच. ठमी तेव्हा मागच्या गठ्ठ्यांवर बसून पाठांतर करत होती. कायद्याचं पुस्तक होतं मांडीवर. वहिनीच्या लायसन्सचं तिला तेव्हाही सुचलं नव्हतं आणि पुढे वकील झाल्यावर सुचलं, तेव्हा बोलायला उशीर झाला होता, असं ती आता स्वतःला सांगत होती. खरं म्हणजे बोलायला उशीर झाला नव्हता. व्हॅन सोयीची होती.

त्या सकाळी पायलटने मागे धुतलेल्या उशांच्या खोळी भरल्या होत्या आणि शेजारी आजींना बसवलं होतं. आजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोडून पुढे दोन गेस्टहाउसं करायची होती. बेकरीच्या रस्त्यावर एक पेंटर शिडीवर चढून नवी पाटी रंगवत होता. तो खाली उतरला. ब्रश तोंडात धरला, हात पुसले, आणि आपलं अक्षर लांबून कसं दिसतं ते पाहायला मागे मागे सरकत आला. फुटपाथ संपला हे त्याच्या लक्षात आलं नाही. व्हॅन खरंच हळू होती. धक्काही मोठा नव्हता. पण डोकं फुटपाथच्या दगडावर आपटलं, आणि संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला.

त्या दिवसापासून पायलट सगळीकडे चालत जायची. गावाचं अंतर किती असतं ते तिला नव्याने कळत होतं. चालताना तिला वाटायचं, आपण कुणाच्या तरी झोपेत चालतोय, आणि तो जागा झाला की हा रस्ता, ही झाडं, ही आपण, सगळंच बंद होईल.

*

"आई," ठमी खुर्ची सरकवून जवळ आली. "सगळं तुझ्यावर आहे आता. गाडीत तुम्ही दोघीच होतात. दुकानदाराने बाहेरून पाहिलं, तू आतून. तुला कोर्टात बोलावू तेव्हा दोनच वाक्यं सांगायची. गाडी हळू होती. ती समोर बघत होती. बास."

आजी टेबलावरच्या उन्हाच्या पट्ट्याकडे पाहत होत्या. त्यात धागे तरंगत होते, चादरींचे, इतके बारीक की धागे म्हणवत नव्हते.

"गाडी हळू होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"पण ती समोर बघत नव्हती."

कुणाचा तरी चमचा बशीत वाजला.

"मीच म्हटलं तिला, अगं ती बघ. वर गॅलरीत चिमी उभी होती. केस वाळवत."

चिमी म्हणजे आजींची धाकटी बहीण. विशी गाठायच्या आत तापाने गेली. तिचा एकच फोटो घरात होता, तोही पाठमोरा, कंबरेच्या खाली गेलेल्या केसांचा.

"चिमीमावशी माझ्या जन्माआधी गेली, आई," थोरला सांभाळून म्हणाला.

"मला माहीत आहे ती गेलीय. मी काय खुळी आहे? चिमीसारखी बाई. हुबेहूब. तिने केस असे पुढे घेतले आणि झटकन मागे टाकले, तश्शीच टाकायची चिमी, सगळ्या भिंतीवर पाणी उडायचं. मी म्हटलं, बघ, बघ. आणि हिने बघितलं. तेवढ्यात तो आला."

ठमीने पेनाचं टोपण लावलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते चिंगीने पाहिलं. चिंगी कोपऱ्यातल्या टोपलीवर बसली होती, इस्त्रीच्या मशीनला टेकून. आत्याचा चेहरा क्षणभर एखाद्या लहान मुलीचा झाला होता, हातातलं काहीतरी पडलेल्या मुलीचा. मग तो परत वकिलाचा झाला.

"हे तू कधी कुणाला सांगितलं नाहीस."

"कुणी विचारलं नाही. पोलीस आला तेव्हा म्हणाला, आजींना झोपू द्या."

"म्हणजे तू झोपलेली होतीस."

"सुई टोचली होती ना मला. हात थरथरत होते म्हणून."

"बरोबर. सुई दिली होती, आणि दिवसभर तू झोपेत होतीस." ठमीचा आवाज मऊ होता. ती आईचा हात हातात घेऊन बोलत होती आणि हात खरोखर मायेने धरला होता. "आई, तुम्ही दोघी कुठे चालला होतात त्या दिवशी? तू मला सांग."

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"का?"

"धूसर दिसतं म्हणून."

"मग चालत्या गाडीतून तिसऱ्या मजल्यावरची बाई तुला कशी दिसली?"

"तिसरा मजला मी कुठे म्हटलं?" असं आजी म्हणणार होत्या. पण मजला कुठला होता ते त्यांना आठवेना. केस मात्र स्पष्ट होते. ऊन केसांतून आरपार येत होतं.

"स्वप्न पडलं असेल, आई," थोरला म्हणाला. तो सगळं आयुष्य बॉयलरजवळ घालवलेला माणूस होता, त्याला हळू बोलायची सवय नव्हती, आणि आज तो इतकं हळू बोलत होता की आजींना भीती वाटली. "त्या सुईने पडतात स्वप्नं. मला नाही का, दाढ काढली तेव्हा, आप्पा येऊन बसलेले दिसले?"

"ते स्वप्न होतं. हे वेगळं आहे."

"कसं वेगळं?"

आजींनी टोपलीकडे पाहिलं. "चिंगे, तू तरी सांग यांना."

चिंगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने गेल्याच महिन्यात लायसन्स काढलं होतं, पहिल्या फटक्यात, आईने शिकवलेल्या पद्धतीने: आधी आरसा, मग मान, मग पाय. आता व्हॅन तीच चालवायची, आणि रोज सकाळी किल्ली लावताना तिला आपण आईच्या कपड्यांत शिरलोय असं वाटायचं. तिला आई घरी हवी होती. याहून जास्त तिला त्या दुपारी काहीच नको होतं.

"आजी," ती म्हणाली, "गेल्या आठवड्यात तू मला चिमी म्हणून हाक मारलीस. दोनदा."

आजींनी आपला हात ठमीच्या हातातून सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला. मग त्या हाताकडेच पाहत राहिल्या, जसं काही हाही आपलाच आहे का ते बघायचं होतं.

"मारली असेल," त्या शेवटी म्हणाल्या. "तू मान अशी केलीस की वाटतेस तशी."

"तेच म्हणतोय आम्ही, आई."

"म्हणजे तिथे कुणी नव्हतं?"

"नव्हतं."

"गॅलरीच नव्हती?"

"गॅलरी असेल. बाई नव्हती."

आजींनी मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिल्या. ऊन टेबलावरून सरकून त्यांच्या गुडघ्यांवर आलं होतं. "मग सकाळी मी जेवले ते?" त्यांनी विचारलं. "पायलटने मला अंडं उकडून दिलं. ते खरं ना? की तेही तुम्हाला विचारून घ्यायचं?"

*

पायलट हे सगळं ऐकत होती आणि ऐकत नव्हती. तिच्या कानात पाणी भरल्यासारखं झालं होतं. ती त्या गॅलरीत गेली होती. खरोखरची नव्हे. पण रोज, चालताना, भांडी घासताना, ती मान वळवायची आणि वर पाहायची. हिरवा लोखंडी कठडा, त्यावर पालथी घातलेली बादली, आणि वाकलेली बाई, तोंड न दिसणारी, केसच केस. बाईने झटका दिला. थेंब उडाले आणि प्रत्येक थेंबात सकाळ होती. इतकं सुंदर काही तिने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. ती मनात म्हणाली होती, खरंच की. आणि मग ओला गठ्ठा जमिनीवर टाकल्यासारखा आवाज.

पोलिसांनी विचारलं होतं, काय झालं. ती म्हणाली, तो एकदम मागे आला. ते खरं होतं. पुढे कुणी विचारलं नाही आणि ती बोलली नाही. न बोलणं इतकं सोपं होतं, जसं वाफेच्या खोलीत शिरल्यावर दार आपोआप मिटतं.

आता तिने कप खाली ठेवला.

"होती ती," पायलट म्हणाली.

"वहिनी," ठमी चटकन म्हणाली, "थांब. काही बोलू नकोस."

"गॅलरीत होती बाई. आईंनी म्हटलं बघ आणि मी बघितलं. केस लांब होते. आई, त्या कठड्यावर बादली होती, आठवते? पालथी."

आजींनी डोळे मिटले. "निळी," त्या म्हणाल्या.

"हो. निळी."

दोघींच्या मधलं टेबल एकाएकी फार लांब आणि फार लहान झालं. ठमीने फाइल मिटली. पुन्हा उघडली. मग ती मिटलेलीच ठेवून तिने दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"तुला कळतंय तू काय केलंस ते?" ती म्हणाली. "दोन मिनिटांपूर्वी मला हे माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आता मी तुला तिथे उभी करून 'समोर बघत होते' असं वदवून घेऊ शकत नाही. मी वकील आहे, वहिनी. मला जमणार नाही ते."

"मी पण सांगणार नव्हते तसं."

"मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

पायलटने खरंच विचार केला. "भीती वाटत होती, ताई," ती म्हणाली. "अजून वाटतेय."

थोरला उठला. खुर्ची मागे पडली, ती त्याने उचलली नाही. तो मशिनांच्या बाजूला निघून गेला आणि तिथून, बंद ड्रमच्या मागून, त्याचा आवाज आला. "एवढं बघायचं होतं तर गाडी थांबवून बघायचं." कुणालाच उद्देशून नव्हता तो.

चिंगी टोपलीवरून उतरून आजींच्या पायाशी जाऊन बसली. आजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही नाव घेतलं नाही.

*

शनिवारच्या दवाखान्याच्या चादरी घडी न होता राहिल्या होत्या. पायलटने त्यातली एक उचलली. मोठी चादर एकट्याने घडी होत नाही. ती दोन टोकं धरून उभी राहिली, तशी थोडा वेळ उभीच राहिली, मग थोरला अंधाऱ्या बाजूने आला आणि त्याने उरलेली दोन टोकं धरली.

ताणली. झटकली. जवळ आले. बोटांना बोटं लागली, टोकं दिली, पुन्हा लांब गेले. इतकी वर्षं दोघांनी हे इतक्या वेळा केलं होतं की मनात भांडण असलं तरी पाय बरोबर पडायचे.

"गप्प राहिली असतीस," तो म्हणाला, "तर आई विसरली असती. पुढच्या रविवारपर्यंत विसरली असती."

"म्हणून तर बोलले."

"म्हणजे?"

"आज आपण सांगितलं, बाई नव्हती. आणि आईंनी मानलं. बघितलंत ना, कसं मानलं? उद्या आणखी काही सांगू. तेही मानतील. मग त्यांच्याकडे काय उरणार, अहो?"

तो जवळ आला. टोकं दिली. लगेच मागे गेला नाही.

"मीच तुला कधी म्हटलं नाही, लायसन्स काढ म्हणून."

"म्हटलं होतंत. एकदा. मी म्हटलं, उन्हाळा संपला की जाते."

"मग?"

"मग उन्हाळा संपला."

तो हसला की काय ते तिला दिसलं नाही. चादर मधे होती. खिडक्यांतलं ऊन आता पिवळं, जाड झालं होतं आणि पांढरं कापड त्यात पेटल्यासारखं दिसत होतं. पलीकडे ठमी फोनवर कुणाला तरी सांगत होती की उद्याचं बोलणं बदललंय, हो, दोन्ही गुन्हे, आणि तिचा आवाज कोरडा व्हायचा प्रयत्न करत होता.

"खालच्या कपाटात तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत," पायलट म्हणाली. "सकाळची पांढरी. विसरता तुम्ही."

"नाही विसरणार."

"चिंगीला गेस्टहाउसच्या मागच्या गल्लीत उलटी गाडी घेऊ देऊ नका. तिथे खड्डा आहे."

"बरं."

ढीग संपेपर्यंत ती अशाच गोष्टी सांगत राहिली आणि तो बरं म्हणत राहिला.

*

कोर्टाची खोली आजींना वाटली होती तशी नव्हती. शाळेच्या वर्गासारखी होती. वर पंखा फिरत होता आणि त्याच्या सावल्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून जात होत्या, म्हणून प्रत्येक जण क्षणभर असायचा आणि क्षणभर नसायचा. पायलटने निळा स्वेटर घातला होता. तिला उभं केलं. एका माणसाने वाचून दाखवलं, वाहन चालवण्याचा परवाना नसताना, सार्वजनिक रस्त्यावर, अमुक व्यक्तीच्या मृत्यूस. आजींना वाटलं, किती लांबचं कुणाचं तरी वाचतायत.

"कबूल आहे?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही. मी तिथे गाडी घेऊन असायलाच नको होतं. आणि होते, तर बघायला हवं होतं."

ठमी उठून बोलली. गाडी हळू होती हे सांगितलं. एक नजर वर गेली हे सांगितलं. आईने दाखवलं म्हणून गेली हेही सांगितलं, आणि ते सांगताना तिने आईकडे पाहिलं. न्यायाधीश बाईंनीही पाहिलं. आजी बसल्या जागी ताठ झाल्या. आपल्याला उभं करतील असं त्यांना वाटलं, पण कुणी काही विचारलं नाही. मधे सुट्टी झाली, आणि दुपारी शिक्षा सांगितली. काही महिने आत. नंतर काही वर्षं लायसन्स काढायला बंदी. चिंगी रडली. पायलट रडली नाही. बाजूच्या दारातून जाताना तिने वळून आजींना हाताने खूण केली, शाल घ्या, पंख्याखाली बसलायत.

थोरला आणि ठमी कागदांवर सह्या करायला गेले. दोघं एकाच कागदावर वाकले होते. चिंगी पाणी आणायला गेली. बाहेरच्या लांब बोळात, भिंतीशी लावलेल्या बाकावर, आजी शाल गुंडाळून बसल्या. त्यांना झोप येत होती. डोळे मिटले तर सगळं जाईल असं वाटत होतं आणि उघडे ठेवले तरी जातच होतं.

कुणीतरी समोर उभं होतं. एक मध्यमवयीन बाई, करड्या कोटातली, हातात पिशवी. कोर्टात पलीकडच्या बाजूला बसली होती ती. आजींनी तिला ओळखलं. पेंटरची बायको.

"तुम्हीच त्या सासूबाई," ती म्हणाली.

"हो."

"मी तिला माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत."

बाईने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तिला जायचं होतं आणि जाववत नव्हतं. "मला लोकांनी सांगितलं होतं, हे लोक नाही म्हणतील. मग महिनोन्‌महिने चालेल. रोज इथे येऊन बसायचं आणि ऐकायचं, की तो बघून चालत नव्हता, वेंधळ्यासारखा मागे आला, चूक त्याचीच. मी तयारी करून आले होते. सुट्टी टाकलीय दुकानातून." ती थांबली. "तेच म्हणणार होते ना तुमचे वकील?"

आजींनी बोळाच्या टोकाला पाहिलं. ठमी पेनाचं टोपण शोधत होती.

"म्हणणार होती," आजी म्हणाल्या. "माझी मुलगी आहे ती."

बाईने मान हलवली. खोटं ऐकायला मिळालं नाही याचं तिला आश्चर्य वाटलं असावं. वरच्या झरोक्यातून कबुतरांचा आवाज येत होता.

"वेंधळा होताच तो," ती म्हणाली. "घरात सुद्धा. भिंत रंगवताना मागे मागे येऊन दोनदा बादलीत पाय घातलाय त्याने. पण ते मी म्हणायचं."

"हो," आजी म्हणाल्या. "ते तुम्हीच म्हणायचं."

आणि शाल आवरून, सरकून, त्यांनी तिला बाकावर जागा करून दिली.